तिठ्यावरचं बाळ

२२ जून १९४८, मंगळवार

माझ्या हातून आज एक चूक झाली आणि ती आता जन्मभर निस्तरायची आहे. आर्गिरिस उद्या ही गोष्ट सगळ्या पलटणीला तिखटमीठ लावून सांगणार. त्याआधी खरी हकिकत कुठेतरी लिहिलेली असावी, म्हणून पाय सुजलेले असतानाही वही काढली आहे.

सूर्योदयाला आमची सरकारी तुकडी डोंगरातल्या बंडखोरांच्या मागावर पेत्रोवा गावाकडे निघाली. खेचरवाल्यांमध्ये मी नेहमी सगळ्यांत पुढे असतो. त्यात शौर्य काही नाही. मागे राहिलं की तीस खेचरांची धूळ खावी लागते, आणि माझी कानेला समोर दुसऱ्या खेचराचं शेपूट दिसलं की त्याला चावते. गावाच्या खाली तीन वाटा मिळतात. त्या तिठ्यावर, रस्त्याच्या अगदी मधोमध एक टोपली होती आणि टोपलीत कापडात घट्ट गुंडाळलेलं बाळ. आठ-दहा दिवसांचं असेल. आसपास चिटपाखरू नाही. कुणा निर्दयाने टाकून दिलं असेल असं वाटलं. कानेलाचा पाय पडायला नको म्हणून मी धावत जाऊन ते उचललं.

उचललं मात्र, झुडपातून दोन बायका ओरडत बाहेर आल्या. एक म्हातारी, एक तरुण. मागे आमच्या पोरांनी बंदुका रोखल्या. म्हातारीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने माझा हात धरून त्याचं चुंबन घेतलं आणि रडत-हसत म्हणाली, "कुंबारे! खाली ठेवू नकोस! आता तू आमचा कुंबारे!"

"आजी, मी केफालोनियाचा गेरासिमोस," मी म्हटलं. "तुमचा-माझा काही संबंध नाही. हे पोर इथे पडलं होतं."

"पडलं नव्हतं. ठेवलं होतं."

तोवर झिसीकाका पुढे आले. काका याच डोंगरांतले. सरकारने त्यांचं खेचर मागितलं, तेव्हा खेचराबरोबर तेही आले, पंचावन्नाव्या वर्षी. त्यांनी टोपली बघितली, बायका बघितल्या आणि कपाळाला हात लावला.

"गेलास बाबा कामातून," ते म्हणाले. "ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे नव्या बाळाला तिठ्यावर ठेवतात. पहिला जो येईल तो त्याचा धर्मपिता, त्या घराचा कुंबारे. बाप्तिस्मा त्याने द्यायचा, नाव त्याने ठेवायचं. मग तो पाद्री असो, चोर असो, नाहीतर तू."

"आमची दोन गेली," तरुण बाई म्हणाली. ती बाळाची आई, वासिलो. म्हातारी तिची सासू, मित्रेना. "पहाटेपासून बसलोय. आधी एक कासव येऊन गेलं."

"त्याला बोलता आलं असतं तर तेही चाललं असतं," म्हातारी म्हणाली.

"आणि मी नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

"नाही म्हणत नाहीत," काका हळूच म्हणाले. "नाही म्हटलं तर मूल राहत नाही."

असं बोलल्यावर माणसाने काय करायचं? मी हो म्हटलं. आमच्या बेटावर धर्मपिता ठरवायला वर्ष लागतं, त्यावरून भांडणं होतात, मग समेटाचं जेवण होतं. इथे अर्ध्या मिनिटात उरकलं.

लेफ्टनंट साहेबांनी वासिलोला विचारलं, "बाळाचा बाप कुठाय?"

"लाकडं कापायला गेलाय."

"कुठे?"

"झाडं असतात तिथे."

साहेबांनी समोरच्या डोंगराकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. बिचारा भला माणूस दिसतो हा बाप. लढाई असली तरी लोकांना फळ्या लागतातच.

२३ जून

आज मुक्काम पेत्रोवातच. मला मित्रेनाच्या घरी जेवायला बोलावलं. रानपाला भरलेली पोळी, ताक, आणि द्राक्षाच्या दारूचा एक पेला, जो मी नको म्हणत असताना तीनदा भरला गेला. आर्गिरिस न बोलावता आला. तो पिरेअस बंदरावरचा, त्याला आमंत्रण लागत नाही.

बाप्तिस्मा लगेच होणार नाही. गावचे पाद्री खाली कोनित्साला आहेत, ते एलियास संताच्या सणाला म्हणजे २० जुलैला वर येतात. तेल, नवे कपडे आणि गळ्यातला क्रॉस मी आणायचा. साहेबांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तोवर आपण इथेच घुटमळत असू. देईन तुला एक दिवस." साहेब अथेन्सचे, अजून मिशी धड फुटलेली नाही, पण शब्दाचे पक्के वाटतात.

नावाबद्दल बोलणं झालं. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची रीत सगळीकडेच आहे. पण आधीची दोन्ही बाळं आजोबांच्याच नावाने गेली, तेव्हा ते नाव आता नको. "तुम्ही ठेवाल ते," वासिलो म्हणाली. "फक्त ह्याच्या बापाचं नको."

"ते मलाही कळतं," मी म्हटलं. "बाप जिवंत असताना कोण ठेवतं?"

"नाव ठेवायच्या आधी ज्याचा बाप जातो त्यालाच ते नाव," म्हातारी म्हणाली आणि तीनदा थुंकल्यासारखं केलं. बापाचं नाव फोतिस.

निघताना तिने मला लोकरी मोज्यांचा जोड दिला. पांढरे, घोट्याशी काळी नक्षी आणि तिच्यावर लाल दोऱ्याची एकच ओळ. "एकाच लोकरीतून दोन जोड विणलेत. एक माझ्या पोराला दिला, एक तुला. कुंबारे म्हणजे घरचाच." आईच्या हातचे मोजे तीन वर्षांपूर्वी विरले. मला एकदम गहिवरून आलं आणि मी खोकला आल्याचं दाखवलं.

बाळाला पुन्हा घेतलं. त्याचं डोकं माझ्या तळहातात मावतं.

३० जून

सहा दिवसांत काही लिहिलं नाही. चढ, उतार, चढ. तो डोंगर जिंकायचा म्हणून चढलो आणि वर गेल्यावर हुकूम आला की हा नव्हे, पलीकडचा. आर्गिरिस म्हणतो, नकाशा काढणाऱ्याची बायको त्या दिवशी माहेरी गेली असेल.

मोजे उत्तम. सगळ्यांच्या टाचा सोलवटल्या आहेत, माझ्या नाहीत.

नावाचा विचार चालू आहे. खरं सांगायचं तर मला गेरासिमोस ठेवावंसं वाटतं. आमच्या बेटावर दगड भिरकावला तर एखाद्या गेरासिमोसलाच लागेल, पण या डोंगरांत एकही नाही. हे बोलल्यावर आर्गिरिस इतका हसला की त्याला उचकी लागली. "पोराने तुझं काय वाईट केलंय? त्याचं नाव कानेला ठेव, निदान आईला पटेल." काकांनी मात्र नीट सुचवलं. "झिसिस ठेव. माझ्या आधीची तीन गेली होती, म्हणून माझं ठेवलं. त्याचा अर्थच 'जगेल' असा. बघ, पंचावन्न वर्षं जगतोय, सरकारने खेचरं वाहायला लावली तरी."

पटलं. झिसिस. ठरलं.

८ जुलै

कुणाला सांगता येत नाही ते इथे लिहितो. मला भीती वाटू लागली आहे. आधी नव्हती असं नाही, पण ती पोटात कुठेतरी असायची आणि जेवलं की जायची. आता वेगळीच आहे. मी पुढे चालत नाही. धूळ खात मागे राहतो. मी मेलो तर त्या मुलाचा बाप्तिस्मा कोण करणार? काकांना विचारलं. ते म्हणाले, "शब्द देऊन धर्मपिता गेला तर वाईटच. म्हणून जाऊ नकोस." जणू मी बाजाराला निघालो होतो.

वाटेतल्या एका गावच्या दुकानात छोटा क्रॉस मिळाला, आणि तेलाची बाटली. बाटली दाण्याच्या पिशवीत ठेवली आहे. कानेलाला तिचा वास आवडतो.

काकांचं एक वागणं मला खटकतं. बंडखोरांचा कुणी कैदी आला की ते जाऊन त्याचं गाव विचारतात. मेलेला दिसला तर वाकून तोंड बघतात. सगळ्यांचं, एकही न सोडता. आर्गिरिस म्हणतो, म्हातारा सोन्याचे दात शोधतोय. तसे ते नाहीत, पण एवढी उत्सुकता बरी नव्हे. त्यांना म्हटलं, "काका, कशाला बघता? रात्री झोप लागत नाही मग." ते म्हणाले, "बघितल्यावरच लागते."

२० जुलै, संत एलियास

पेत्रोवापासून दोन दिवसांच्या वाटेवर आहोत. साहेबांनी सुट्टी दिली नाही. त्यांच्या हातातच नव्हतं. ते स्वतः येऊन मला हे सांगून गेले, एवढं कोण करतं?

ते सगळे आज देवळापाशी वाट बघत असतील. पाद्री आले असतील. म्हातारीने पोळ्या केल्या असतील. मी दिवसभर दारूगोळ्याच्या पेट्या वर नेल्या.

३ ऑगस्ट

ऊन. पाणी नाही. कानेलाने चावायचंही सोडलं आहे.

७ ऑगस्ट

काल आमच्या लोकांनी वरची धार घेतली. सकाळपासून तोफा चालल्या. मी अकरा पेट्या वर पोचवल्या. बंदूक एकदाही खांद्यावरून काढली नाही.

आज धारेवर गेलो तेव्हा चेस्टनटच्या झाडांखाली बंडखोरांचे चार जण पडलेले होते. आर्गिरिसच्या बुटांचे तळ गेलेले, म्हणून तो एकाचे बूट काढू लागला. मी तिकडे बघत नव्हतो. बूट निघाला तसा तो म्हणाला, "गेरासिम, हे बघ, तुझ्यासारखे मोजे."

पांढरे. घोट्याशी काळी नक्षी. वर लाल दोऱ्याची एकच ओळ.

अशा मोज्यांचं काय, या डोंगरांतली कुठलीही म्हातारी विणत असेल. लोकर सगळीकडे सारखीच असते. नक्षी एकमेकींच्या बघून काढतातच बायका. माझी आई शेजारणीची नक्षी कुंपणावरून बघून काढायची. उंच, काळ्या केसांचा माणूस होता. हातांना जुने करवतीचे व्रण.

काकांनी चौघांचीही तोंडं पाहिली. नंतर खाली बसले, क्रॉसची खूण केली आणि म्हणाले, "देवा, तुझी कृपा." मला धक्काच बसला. चार मेलेली पोरं समोर आणि हा माणूस देवाचे आभार मानतो! दोन महिने एका ताटात जेवलो आणि आज कळलं की मनाचे किती कठोर आहेत. पण नंतर त्यांनीच फावडं आणलं. हुकूम नव्हता. मी त्या मोजेवाल्यासाठी खड्डा खणला. झाडाखाली, पाय पूर्वेकडे. आर्गिरिसने न सांगता बूट परत घातले त्याला. म्हणाला, "मला तंग होतात." त्याचा पाय लहान आहे.

८ ऑगस्ट

मोजे बदलले. सरकारी घातले. टाचा सोलवटल्या.

११ ऑगस्ट

चालताना काकांना विचारलं, "लाकडं कापणाऱ्याच्या हाताला व्रण असतात का हो?"

"असतात."

"सगळ्यांच्या?"

काकांनी आपल्या खेचराचा पट्टा आवळला. मग म्हणाले, "पोरा, तुला माहीत आहे. मलाही तेव्हाच कळलं."

आता लिहूनच टाकतो. वासिलोचा नवरा फोतिस फळ्या कापायला गेला नव्हता. तो वर होता, बंडखोरांत. माझ्याशिवाय सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, साहेबांनासुद्धा. मला आईनेच असं भोळसट करून जगात पाठवलं आहे. तो माझा कुंबारे होता आणि आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही. त्याच्या पोराला मी दोनदा हातात घेतलं आहे. त्याने एकदाही नाही.

अकरा पेट्या.

मी त्यांना काही सांगणार नाही. नाव झिसिस ठेवायचं. मग त्या वाट बघतील, आणि वाट बघणाऱ्याला निदान सकाळी उठायला कारण असतं. पुढे कधीतरी, लढाई संपल्यावर, दुसरं कुणी सांगेल. असं ठरवलं आहे. भ्याडपणा आहे हे मला कळतं.

१६ ऑगस्ट, माझ्या नावाच्या संताचा सण

आमच्या बेटावर आज मिरवणूक असते, बाजा असतो, आई रव्याचा केक करते. इथे सकाळी आर्गिरिसने मला अर्धा कांदा भेट दिला आणि मोठं भाषण केलं.

दुपारी आम्ही घळीच्या वाटेने वर जात होतो, तेव्हा वरून माणसं येताना दिसली. डोंगरातली गावं रिकामी करायचा हुकूम निघाला आहे, तिथलीच ही. बायका, म्हातारे, कोंबड्या, पाठीवर गाद्या. वाट एकट्यापुरती, म्हणून साहेबांनी आमची रांग डोंगराच्या बाजूला उभी केली आणि त्यांना आधी जाऊ दिलं. मी प्रत्येक तोंड बघत होतो. काकांसारखंच.

आधी म्हातारीने मला ओळखलं. "कुंबारे!" ती अशी ओरडली की पुढची शेळी बिथरली. तिच्या मागे वासिलो, पाठीला बाळ बांधलेलं. मला वाटलं रागावतील. वीस जुलैला आलो नाही, निरोप नाही. पण वासिलोने बाळ सोडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "दोन दिवस झाले, दूध ओढत नाही."

बाळ मोठं झालं होतं, पण हातात कापडासारखं पडून होतं. अंग तापलेलं. डोळे अर्धे उघडे. मी इतका घाबरलो की कानेलाचा दोर हातातून सुटला.

"पाद्री कुठायत?"

"पुढे गेले. पहाटेच. तीन तासांच्या वाटेवर असतील," म्हातारी म्हणाली. "तोवर हा राहायचा नाही, कुंबारे. बिननावाचा जाईल."

काका म्हणाले, "हवेतला बाप्तिस्मा दे. पाद्री नसला आणि वेळ नसला तर चालतो. तीनदा वर उचलायचं आणि नाव घ्यायचं. पाण्याऐवजी आभाळ. बाकी पाद्री नंतर करतील."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि टोपी काढली.

मी क्रॉस शोधू लागलो. म्हातारी माझ्या पायांकडे बघत होती.

"मोजे कुठेत?"

"धुतलेत, आजी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून कान लाल होतात. वासिलोही बघत होती. मग ती म्हणाली, "तुम्ही वरच्या धारेवर होतात. त्यांचं..." आणि थांबली. मी तोंड उघडलं, तसा तिने हात पुढे केला. माझं तोंडच झाकते की काय असं वाटलं.

"नको," ती म्हणाली. "तोंडाने काही सांगू नका. तुम्ही फक्त नाव द्या."

मी बाळ घेऊन वाटेच्या मधोमध उभा राहिलो. झिसिस हे नाव ओठांवर तयार होतं. त्याचा अर्थ 'जगेल', आणि या मुलाला आज दुसरं काय हवं होतं? ते नाव दिलं की आईला नवरा परत मिळत होता, निदान काही दिवसांपुरता. आणि ते नाव न देण्यामुळे बाळाला काही झालं असतं, तर मी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. पण त्याच वेळी तो चेस्टनटखालचा माणूसही आला. त्याच्या डोक्याशी मी नुसता दगड ठेवला होता, त्यावर नाव नव्हतं. त्याचं नाव घेणारं आता कोण उरणार होतं?

मी बाळाला वर उचललं. "देवाचा सेवक फोतिस बाप्तिस्मा घेत आहे, पित्याच्या नावाने."

म्हातारी होती तिथेच मातीत बसली. वासिलो उभी राहिली. माझ्याकडे नाही, मुलाकडे बघत.

"फोतिस, पुत्राच्या नावाने."

मागे कुणीतरी नाक ओढलं. बहुतेक आर्गिरिस.

"फोतिस, पवित्र आत्म्याच्या नावाने." तिसऱ्यांदा उचललं तेव्हा माझ्या बाहीतून काखेपर्यंत काहीतरी ऊन ऊन वाहत आलं. साहेबजाद्यांनी माझ्यावर धार सोडली होती. आणि मग वारा लागल्यामुळे म्हणा, एवढ्या उंचावर नेल्यामुळे म्हणा, त्याने रडायला सुरुवात केली. काय तो आवाज! पलटणीतली पोरं हसायला लागली. त्यांना काय माहीत. म्हातारी मातीत बसूनच म्हणाली, "मुतला! अजून पाणी आहे त्याच्यात!" आणि ती हसत होती का रडत होती, मला सांगता यायचं नाही.

वासिलोने त्याला घेतलं, दगडावर आमच्याकडे पाठ करून बसली आणि छातीशी लावलं. सगळी वाट थांबली होती. शेळ्यासुद्धा. थोड्या वेळाने तिची पाठ हलायला लागली. ती रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "ओढ, फोतिस. ओढ माझ्या राजा. ओढ."

त्याने ओढलं.

म्हातारीने मला जवळ बोलावलं. एवढंच विचारलं, "मातीत ठेवलंय?"

"हो आजी. चेस्टनटखाली. मी आणि काकांनी. बूट घालून."

तिने माझ्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं. मग उठली, मागचं झटकलं, शेळीला शिवी दिली आणि सून-नातवाला घेऊन खाली निघाली. मी क्रॉस बाळाच्या गळ्यात घातला होता. तेलाची बाटली द्यायची राहिली, ती आर्गिरिस धावत जाऊन देऊन आला.

काका एवढा वेळ आपल्या खेचराच्या मानेत तोंड घालून उभे होते. हाक मारली तरी वळले नाहीत. त्यांचं नाव ठेवलं नाही म्हणून वाईट वाटलं असणार. मी कबूल केलं होतं ना. उद्या समजूत काढीन.

१८ ऑगस्ट

काकांची समजूत काढायला गेलो. म्हटलं, "काका, पुढच्या मुलाला तुमचं नाव नक्की." ते म्हणाले, "माझं कशाला? मी आहे अजून." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवावा तसा. आज पुन्हा दोन कैदी आले. काका उठून गाव विचारायला गेले. मी या वेळी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांचंही कुणी वर असेल, हे मला आज सुचलं. एकट्याने जाऊ द्यावंसं वाटलं नाही.

म्हातारीचे मोजे आज घातले.

२४ ऑगस्ट

आठ दिवस झाले, कुणाकडून काही कळलं नाही. ताप होता. खाली माणसं शाळेत, गोठ्यांत कोंबून ठेवली आहेत म्हणतात. तिथे तान्ही मुलं टिकत नाहीत असंही म्हणतात, पण माझ्यासमोर बोलायचं थांबवतात. मी दुसरं नाव द्यायला हवं होतं का? जगण्याचं नाव हातात असताना मी मेलेल्याचं दिलं. आर्गिरिस म्हणतो, नावाने कुणी जगत-मरत नाही. बंदरावरच्या माणसाला काय कळतं?

२७ ऑगस्ट

आज कोनित्साहून पाव घेऊन खेचरांचा तांडा आला. त्यातला एक जाडा खेचरवाला आमच्या चुलीपाशी बसला आणि बसल्या बसल्या कुरकुर करायला लागला. त्याची बायकामुलं तिथल्या शाळेतच आहेत. एका खोलीत चाळीस माणसं, वर्गाला दार नाही, आणि कोपऱ्यात कुठल्याशा डोंगरातल्या गावची एक बाई, तिचं पोर दिवसभर असं बोंबलतं की विचारू नका.

"पोटभर पितं आणि बोंबलतं," तो म्हणाला. "सगळ्या बायका तिच्यावर ओरडतात, अगं वासिलो, त्या तुझ्या फोतिसला गप्प कर, डोकं उठवलंय मेल्याने!"

काकांनी माझा खांदा धरला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. मी खिशातली तंबाखू काढली, आठवडाभराची सगळी, आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "पुन्हा सांग," मी म्हटलं. "कसं ओरडतात ते सांग."